पतीस कळविले

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीपासून दोन बोटं खाली, गोंदणाचे पाच ठिपके होते. चार ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर नेमके बसले होते. पाचवा मधोमध असायला हवा होता. तो तिथून निसटून अंगठ्याच्या दिशेला गेला होता आणि जाताना मागे तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी रेघ सोडून गेला होता.

शामला गजभियेने रबरी नळी बांधायच्या आधी तो हात उजेडाकडे वळवला आणि ती रेघ पुन्हा पाहिली. हा हात तिने आधी पाहिला होता.

तिला चेहरे ओळखता येत नसत, कारण ते तिला दिसतच नसत. सदरच्या बाजारामागच्या त्या सूतिकागृहात तिची प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याचा एक तुकडा, मध्ये प्लायवुडची भिंत घालून तोडलेला. भिंतीला टेबलाच्या उंचीवर वीतभर खिडकी. पोटुशी बाई पलीकडे स्टुलावर बसायची आणि खिडकीतून हात आत घालायची. बाटल्या, नळ्या, रक्त पाहून बायांना भोवळ येते म्हणून डॉक्टर मोहरीरबाईंनी ही सोय करून घेतली होती. चार वर्षं शामला अशा हातांशी बोलत आली होती. कोणाच्या मनगटावर तव्याचा चटका, कोणाच्या बोटांना बिडीच्या पानांचा वास, कोणाची शीर पहिल्या टोचणीत सापडणारी, कोणाची लपणारी. हात तिच्या लक्षात राहत.

“नाव?” तिने विचारलं.

“गोपिका रुपराव झाडे.”

“गाव?”

“मौदा.”

हातातल्या चिठ्ठीवरही तेच होतं. वय बावीस, सहावा महिना लागलेला.

“आधी इथं रक्त दिलं होतं?”

हाताची बोटं आत वळली, अंगठा मुठीत गेला.

“नाही जी,” आवाज म्हणाला.

शामलाने सुई टोचली. शीर पहिल्याच टोचणीला सापडली, जशी तीन आठवड्यांपूर्वी सापडली होती. तेव्हा या हाताचं नाव कौसल्या मधुकर भोयर होतं, आणि पत्ता हिंगणा रोडचा.

एकोणीसशे एकोणऐंशीचा डिसेंबर होता. सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबत होतं. बाया गेल्यावर शामलाने खिडकीचं झाकण लावून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिली. विचार करायचा तर तो क्रमाने करावा, अशी तिला सवय होती.

पहिली शक्यता अशी की, एक बाई दुसरीच्या नावावर रक्त देत होती. पण पोटुशीचं रक्त दुसरीने देऊन कोणाला काय मिळणार? दुसरी शक्यता तिला जास्त टोचली. दिवाळीच्या आधी एका बाईच्या रक्ताचा शामलाचा रिपोर्ट आणि मेडिकल कॉलेजातून आलेला रिपोर्ट जुळले नव्हते. मोहरीरबाई तेव्हा रागावल्या नव्हत्या. “गजभिये, बघा जरा,” एवढंच म्हणाल्या होत्या. त्या दोन शब्दांनी शामलाची झोप आठवडाभर गेली होती. आता एकच बाई दोन नावांनी पाठवून मोहरीरबाई आपली परीक्षा तर पाहत नसतील? दोन रिपोर्ट वेगळे आले की झालं. मिलमध्ये रात्रपाळी करून बापाने बी.एस्सी.पर्यंत शिकवलेली पोर, तिच्या कामावर मागच्या दाराने पहारा.

तिला राग आला नाही. तिने फक्त ठरवलं की, चूक सापडणार नाही.

मागचे नमुने ती महिनाभर फ्रिजमध्ये ठेवत असे. कौसल्या भोयरची नळी तिने शोधून काढली आणि गोपिका झाडेच्या नळीशेजारी उभी केली. दोन्हीतलं वरचं पिवळं पाणी वेगळं काढून अर्धा तास छप्पन अंशांवर तापवलं. आधी रक्तगट पाहिला. दोन्ही एबी. शंभरात सात-आठ बायांचा असतो तो. मग गर्मीची, म्हणजे उपदंशाची, तपासणी. रजिस्टरमध्ये तिचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव होतं, बाहेर व्हरांड्यात तिला नुसतं ‘रक्तदोष’ म्हणत. काचेवरच्या गोल कड्यांमध्ये एकेक थेंब, त्यात औषधाचा एकेक थेंब, चार मिनिटं काच गोल गोल फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. निरोगी रक्तात कण सुटे राहतात, धुक्यासारखे. दोष असला की ते एकमेकांना चिकटतात, नासलेल्या दुधासारखे.

दोन्ही कड्यांत गुठळ्या होत्या. मिठाच्या पाण्यात दुप्पट, चौपट, आठपट पातळ केलं, तरी होत्या. सोळापटीला होत्या. बत्तीसपटीला दोन्हींत नाहीशा झाल्या.

दोन नावं आणि एक रक्त. शामलाने आकडे लिहिले आणि मोठं रजिस्टर उघडून तीन आठवड्यांपूर्वीचं पान काढलं.

कौसल्या मधुकर भोयर. पाचवा महिना. आधीची बाळंतपणं दोन, जिवंत मूल नाही. पुढच्या रकान्यात जिजाबाईंच्या वळणदार अक्षरात दोन शब्द: पतीस कळविले. त्याच्या पुढचा रकाना उपचाराचा. तो कोरा होता.

तिचा संशय तिथे जागचा हलला. परीक्षा घ्यायचीच असती, तर मोहरीरबाईंनी हिला तीन आठवडे बिनउपचाराची ठेवली नसती. बाई कडक होत्या, निर्दय नव्हत्या.

‘पतीस कळविले’ हा नियमही निर्दयपणातून आला नव्हता. शामला नोकरीला लागायच्या आधी एका बाईला तिचा रिपोर्ट सरळ सांगितला होता. तिसऱ्या दिवशी ती पत्र्याची पेटी घेऊन सूतिकागृहाच्या पायरीवर येऊन बसली. नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं: ‘रोग तुझ्या रक्तात निघाला, माझ्या नाही.’ तेव्हापासून मोहरीरबाईंनी ठरवलं की रिपोर्ट बंद लिफाफ्यात नवऱ्याच्या हाती द्यायचा, त्याला समजावून सांगायचं, आणि दोघांनाही एकाच वेळी सुया द्यायच्या. एकालाच दिल्या, तर दुसऱ्याकडून पुन्हा लागण होते, हे शास्त्रानेही खरं होतं. नियमात खोट काढायला जागा नव्हती. खोट एवढीच की या वर्षी अकरा लिफाफे गेले होते आणि चार जोडपी परत आली होती. बाकीच्या सात नावांपुढचा उपचाराचा रकाना कोरा होता.

आणि त्याआधी भीमाबाई होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या नावापुढे दोनदा ‘पतीस कळविले’ लिहिलं गेलं. आठव्या महिन्यात मूल मेलेलं जन्मलं, अंगावरची कातडी जागोजागी सुटलेली. शामला नमुना घ्यायला वॉर्डात गेली, तेव्हा भीमाबाईने तिचा हात धरून विचारलं होतं, “बाई, तुमी रक्त पाह्यता ना? माह्या रक्तात काही होतं काय?”

शामला म्हणाली होती, “डॉक्टरबाईंना विचार.”

त्या दिवसापासून ती एक गोष्ट ठरवत होती आणि पुढे ढकलत होती. कधी वाटे, पुढच्या बाईला. कधी वाटे, आपण कोण? आपलं काम काच पाहण्याचं, सांगण्याचं नाही.

चहाच्या वेळी तिने सिस्टर जिजाबाईंना हाताबद्दल सांगितलं. जिजाबाई पन्नाशीच्या, इथे सर्वांत जुन्या. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

“हात काय पाह्यत बसते वं? तोंड पाह्यत जा कधी. असे काय ठिपके दहा जणींच्या हातावर असतेत.”

“पाचवा ठिपका निसटलेला नसतो दहा जणींचा. आणि रक्त एकच आहे. मी दोन्ही शेजारी लावून पाहिलं.”

जिजाबाईंनी बशी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. “मंग समजून घे ना. रक्तदोष, अन् दोन-दोन नावं. एक घरचं, एक धंद्याचं. माह्या नोकरीत मी लय पाह्यल्या अशा. एकीनं त मले तीन नावं सांगतली होती, अन् तिन्ही देवीची.”

“कौसल्याच्या कार्डावर नवरा आहे.”

“नवरा काय, रजिस्टरात लिहासाठी कोणीबी असते.” जिजाबाई हसल्या. “बरं, रिपोर्ट गुरुवारचा ना? लिफाफा बनवून ठेव. रुपराव झाडे, त्याच्या हाती देतो. आला त आला.”

शामलाने लिफाफा बनवून ठेवला. पण त्या दिवसापासून गुरुवारपर्यंत तो निसटलेला ठिपका तिला वेगळा दिसू लागला. धंदेवाल्या बायांच्या हातावर काय गोंदलेलं असतं, याचा ती विचार करू लागली आणि आपण असा विचार करतो आहोत हे कळून तिला स्वतःचीच शरम वाटली. तरी संशय गेला नाही. ‘नाही जी’ म्हणताना ती मूठ मिटली होती. खोटं बोलणारा हात होता तो, यात शंका नव्हती.

गुरुवारी व्हरांडा भरला होता. बाया शालीत गुरफटून उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसल्या होत्या. जिजाबाईंनी दारात उभं राहून पुकारा केला.

“गोपिका रुपराव झाडे. नवरा आला काय वं सोबत?”

शामलाने खिडकीचं झाकण दोन बोटं सरकवलं. तिला एक हिरवं लुगडं दिसलं आणि त्याच्या शेजारी धोतर, काठी आणि टायरच्या चपला घातलेले पाय. पाय साठीचे होते.

“तुमीच रुपराव झाडे?” जिजाबाईंनी विचारलं.

“हो जी, मीच.”

बाकावर कुजबुज झाली. “बाप्पा,” एक बाई म्हणाली, “म्हाताऱ्यानं लय उशिरा पेरलं.” दुसरी पदरात तोंड घालून हसली.

जिजाबाईंनी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे प्लायवुडच्या भिंतीला लागून. आतल्या शामलाला एकेक शब्द ऐकू येत होता.

“काका, सरळ सांगतो. हा लिफाफा घ्या. तुमच्या बाईच्या रक्तात दोष निघाला. तिले सुया घ्या लागतीन अन् तुमालेबी.”

“मले काहून?”

“काहून म्हंजे? तुमच्यापासूनच आला ना तो तिच्यात.”

म्हाताऱ्याने लिफाफा उलटसुलट करून पाहिला. मग विचार करून म्हणाला, “माह्यापासून कसा येईन? माह्याच्यात त काही नाही. तिची माय होती, तिच्यातबी नव्हता. बारा वर्सं झाली तिले मरून.”

“कोणाची माय?”

“गोपीची. पोरगी हाय ना ते माही.”

शामलाने टेबलावरचं रजिस्टर ओढून घेतलं. गोपिका रुपराव झाडे. कौसल्या मधुकर भोयर. तिने दोन्ही ओळींवर बोट ठेवलं, आणि जे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं ते तिला आता दिसलं. बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येक बाईला दोन नावं होती. एक बापाने ठेवलेलं, दुसरं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. नावामागचं नाव आधी बापाचं, मग नवऱ्याचं. केस पेपर लिहिणाऱ्या बाबूने पोटुशी बाई पाहिली आणि मधलं नाव नवऱ्याचं धरलं. जिजाबाईंनीही तेच धरलं, त्या स्वतः माहेरी चंद्रभागा होत्या तरी. शामलाचं लग्न झालं नव्हतं. तिचं नाव एकच राहिलं होतं, म्हणून तिलाही सुचलं नाही.

जिजाबाईंचा आवाज चढला. “मंग नाव खोटं काहून सांगतलं वं तू?”

“खोटं कुठं?” हा आवाज शामलाच्या ओळखीचा होता. “बाबूनं इचारलं, नाव काय? मी माहं नाव सांगतलं. नवऱ्याचं नाव सांग, असं नाही म्हणलं त्यायनं.”

“हुशार हायस मोठी. आण तो लिफाफा इकडं, काका.” कागद खसकन ओढल्याचा आवाज आला. “हा नवऱ्यालेच भेटते. त्याले घेऊन ये.”

“त्यायले भेटला एक,” गोपिका म्हणाली. “मांगच्या मयन्यात. तुमीच देल्ला.”

त्यानंतर स्टूल सरकलं. खिडकीचं झाकण बाहेरून पूर्ण उघडलं गेलं आणि त्या वीतभर चौकटीत, जिथे चार वर्षं नुसते हात आले होते, तिथे एक चेहरा आला. सावळा, रुंद कपाळाचा, डोळ्यांखाली काळं. तो चेहरा शामलाकडे सरळ पाहत होता.

“बाई, तुमी रक्त घेतलं माहं. दोन्ही बारीले. दोन्ही सारखंच निघालं ना?”

शामलाने उलट विचारलं, “दुसऱ्यांदा कशाला आलीस?”

“पह्यल्या बारीले त्यायनं लिफाफा खिशात टाकला. घरी आल्यावर बुवाले म्हणे, काही नाही, अंगात गर्मी हाय हिच्या. झालं. बुवा आमची मोठी देवभोळी. तवापासून सकाळ-संध्याकाळ सब्जा भिजवून पाजते मले. गुलकंद. धन्याचं पाणी. या थंडीत, बाई. दात वाजतेत माहे. शेजारी सांगते, ‘आमची सून उष्णतेची, पोटात भट्टी हाय तिच्या, म्हून लेकरं टिकत नाही.’ दोन गेले माहे. एक मेलेलंच झालं, एक नऊ दिवस होतं.”

तिने ‘बुवा’ म्हटलं ते सासूला. आतेच्या घरी दिलेली पोर होती ती. तिच्या मागे रुपराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. बहिणीच्या घरात दिलेली पोर, म्हणून त्याने चार वर्षं काही विचारलं नव्हतं. आता तो जमिनीकडे पाहत होता.

“मी बी तेच समजत होतो,” गोपिका पुढे म्हणाली. “गर्मी असंन. पण त्याच हप्त्यात हे कंपनीतून आले अन् पाटावर बसेनात. आंग एकीकडं टाकून बसत. सायकल हातात धरून पायी आले एक दिवस. मी इचारलं, त म्हणे मशीनीचा मार लागला. मार कुठं लागला ते दाखवत नाही. मंग मी पाटलोन धुवाले घेतली.”

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि खिडकीतून हात आत घातला. तोच हात, तोच निसटलेला ठिपका. तळव्यावर रबरी बुचाची एक छोटी रिकामी बाटली होती.

“मले इंग्रजी येत नाही. पण सुईची बाटली असते अशी, हे समजते. आता तुमीच सांगा बाई, गर्मी मले, अन् सुया त्यायनं काहून घेतल्या?”

शामलाने बाटली उजेडात धरली. कडेला पांढरा चुरा सुकला होता. पेनिसिलिन, चोवीस लाख युनिट. म्हणजे मधुकर भोयरने लिफाफा उघडला होता, कोणाकडून तरी वाचून घेतला होता, कुठल्यातरी कंपाउंडरकडे जाऊन स्वतःपुरती सुई टोचून घेतली होती. त्याला कळवलं होतं आणि त्याला कळलं होतं. रजिस्टर खरं बोलत होतं.

“लिफाफा नावामांगच्या माणसाले भेटते, हे मले तवाच दिसलं,” गोपिका म्हणाली. “म्हून मी बाबाचं नाव लावून आलो. बाबाले वाचता येत नाही, पण मौद्याले मास्तर हाय. त्यायच्याकडून वाचून घेतलं असतं.”

“मास्तरकडून,” जिजाबाई मागून पुटपुटल्या, पण त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता. लिफाफा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

गलका ऐकून मोहरीरबाई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या. जिजाबाईंनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंनी खिडकीतून हात घालून शामलाकडून बाटली घेतली, चष्मा वर करून वाचली.

“रिपोर्ट काय आहे, गजभिये?”

“दोन्ही वेळा सोळापटीपर्यंत. जुना नमुना शेजारी लावून पुन्हा पाहिला. चूक नाही.”

“हं.” बाईंनी बाटली जिजाबाईंकडे दिली. त्या रुपरावकडे वळल्या. “काका, हिचे मालक काय करतात?”

“हिंगण्याले कंपनीत हाय.”

“उद्या त्यांनी हिला घरात घेतलं नाही, तर?”

रुपरावने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मौद्याले घर हाय,” तो म्हणाला.

मोहरीरबाई खिडकीजवळ आल्या, वाकल्या आणि रोगाचं नाव टाळत हळू आवाजात बोलल्या; गोपिका शेजारीच उभी होती, पण ती ऐकते आहे हे त्यांनी जणू विसरायचं ठरवलं होतं. “नवऱ्याने सुई घेतलेली दिसते. मग हिला द्यायला आता हरकत नाही. मी लिहून देते, आज पहिली देऊन टाका. मूल वाचायला अजून वेळ आहे. पण सांगायचं काही नाही. ताकदीची सुई आहे म्हणा. घर मोडायला नको. समजलं ना?”

जिजाबाईंनी मान हलवली. “सुई उकळाले ठेवतो,” त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

शामलाला बाईंचं म्हणणं समजलं होतं. ते सोयीचं होतं आणि अर्धं योग्यही होतं. सुई ताकदीची म्हटली, तरी औषध तेच राहतं. पोटातलं मूल औषधाचं नाव विचारत नाही. गोपिका तीन गुरुवार येईल, किंवा दुसऱ्या गुरुवारी सासू म्हणेल की ताकद पुरे झाली. बाळंतपण होईल. नंतर मधुकर भोयर पुन्हा जिथे जात असेल तिथे जाईल, आणि रजिस्टरच्या दुसऱ्या एखाद्या पानावर दोन शब्द लिहिले जातील. गोपिकाच्या पोटातली भट्टी तशीच राहील. साऱ्या हिंगणा रोडला ती ठाऊक असेल.

काच फक्त एवढंच सांगते की आहे किंवा नाही. कोणी दिलं, हे काच सांगत नाही. ते शामला सांगू शकत नव्हती आणि सांगणारही नव्हती. पण जेवढं काचेने सांगितलं होतं, तेवढं तिच्याजवळ दोन वर्षांपासून कोणीतरी मागत होतं.

गोपिका अजून खिडकीशी होती. तिने मोहरीरबाईंचं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडावर त्याचा काही परिणाम दिसत नव्हता. ती वाट पाहत होती. नवऱ्याचा आणि सासूचा तिला संशय होताच, आता डॉक्टरबाई आणि सिस्टरही त्या यादीत गेल्या होत्या. शामलाच्या लक्षात आलं की आपलंही नाव त्या यादीत घालायचं की नाही, एवढंच आता तिचं पाहणं चाललं आहे.

शामलाने हात धुतले. पाणी बर्फासारखं होतं. हात पुसून तिने खिडकीचं झाकण लावून घेतलं, तेव्हा जिजाबाईंना वाटलं की ती कामाला लागली. मग कोपऱ्यातलं दार उघडलं आणि ती व्हरांड्यात आली. बाकावरच्या बायांनी तिच्याकडे पाहिलं; पुष्कळ जणींना ती कोण हेच माहीत नव्हतं.

“काय झालं, गजभिये?” मोहरीरबाई म्हणाल्या.

“ताकदीची नाही, बाई,” शामला म्हणाली.

तिने स्टूल ओढलं, गोपिकाला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे तोंड तोंडासमोर यावं. तिचा आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला होता. तो तिने कमी केला नाही.

“गोपिका, तुझ्या रक्तात गर्मी आहे. सब्जाने जाते ती नव्हे. नवरा-बायकोच्या संबंधातून एकाची दुसऱ्याला लागते, ती. तुझी पहिली दोन लेकरं त्यानेच गेली असावीत. हे लेकरू वाचू शकतं. तीन सुया आहेत, दर गुरुवारी एक, पहिली आज. आणि जिजाबाईंच्या हातातला तो लिफाफा मागून घे. तो कागद तुझा आहे.”